राणीविना वारूळ आणि कामकरी मुंग्यांची अंडी

कोथरूडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: प्रयोगशाळेत काळ्या मुंगळ्यांची वसाहत होती, पावसाळ्यात दिव्याखाली सापडलेल्या राणीपासून वाढवलेली. राणी मेली. शंभराच्या आसपास कामकरी मुंग्या मात्र धडधाकट आहेत, आणि राणी जाऊन दीड महिना झाल्यावर नळीत अंड्यांचा पुंजका दिसतोय. ही अंडी कुणाची? यातून नवी राणी निघेल का? एका व्हिडिओत कामकरी मुंगीच राणी झालेली दाखवली होती, ते खरं का? आणि बारावीच्या मुलांना यावर प्रयोग करायचा तर कसा आखायचा?

मॅडम, आधी सरळ उत्तर. ही अंडी कामकरी मुंग्यांचीच असणार. राणीनं घातलेलं अंडं दीड महिना अंडं म्हणून पडून राहत नाही. तोवर त्याची अळी होऊन ती वाढीलाही लागलेली असते. आणि यातून राणी निघणार नाही, नवी कामकरीही नाही. जगली वाचली तर नर निघतील. प्रयोग जरूर करा, पुण्यात सहज मिळणाऱ्या मुंगीवर करता येण्याजोगा इतका चांगला प्रयोग मला दुसरा सुचत नाही. पण ‘राणी काढली, अंडी आली’ एवढंच लिहून वही मिटली तर मेहनत वाया जाईल. ते तर शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. त्या अंड्याचं पुढं काय होतं, कोण ते सांभाळतं आणि कोण खाऊन टाकतं, तिथून खरा विषय सुरू होतो.

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात लिंग ठरतं ते अंडं फलित झालं की नाही यावर. फलित अंड्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, त्यातून मादी होते. ती राणी होणार की कामकरी, हे बहुतेक जातींत अळीला मिळणाऱ्या खाण्यावर आणि वातावरणावर ठरतं. अफलित अंड्यात एकच संच असतो आणि त्यातून नर होतो. कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच, अनेक जातींत त्यांना अंडाशयही असतात, पण नराशी मीलन झालेलं नसतं आणि नराचं बीज साठवायची पिशवी बहुतेकींना नसते किंवा निकामी असते. मग त्या अंडी घालणार ती अफलितच, आणि त्यातून मुलगेच होणार.

मधमाश्या पाळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्या कुणालाही विचारा. पेटीतली राणी गेली आणि वेळेवर दुसरी झाली नाही, तर कामकरी माश्या अंडी घालायला लागतात, एकेका घरात दोन-दोन, चार-चार, वेडीवाकडी, आणि पुढं सगळे नर निघून पेटी बसते. सातेरीत हे फार लवकर होतं, युरोपातल्या मधमाशीपेक्षा बरंच लवकर. नर बिनबापाचे असतात हे यान जेर्झोन या पोलिश धर्मगुरूनं मधमाश्यांवरून १८४५ मध्ये मांडलं होतं.

आता जात कोणती घ्यायची, इथं बहुतेक शाळा-कॉलेजांचे प्रकल्प सुरू होण्याआधीच फसतात. मुलं हाताशी येईल ती मुंगी उचलतात. पण सगळ्याच कामकरी मुंग्यांना अंडाशय असतात असं नाही. फेडोले, सोलेनॉप्सिस आणि मोनोमोरियम या तीन वंशांतल्या कामकरी मुंग्यांना ते नसतातच. म्हणजे भिंतीच्या फटीतून साखरेच्या डब्याकडे रांग लावणाऱ्या बारीक मुंग्या, बागेत कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंग्या, मोठ्या डोक्याच्या शिपाई असलेल्या धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या, यांची राणी काढून वर्षभर वाट पाहिली तरी एक अंडं दिसणार नाही. या शेवटच्या गटातल्या एका मुंगीचं पुण्याशी जुनं नातं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले कर्नल साइक्स यांनी इथल्या परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग पाहिले, पावसात भिजलेलं साठवणीचं बी मुंग्यांनी वाळायला बाहेर काढलं होतं. त्यांनी १८३५ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं, आज तिला फेडोले प्रॉव्हिडन्स म्हणतात. निरीक्षणासाठी फार सुंदर मुंगी आहे, या प्रयोगासाठी निरुपयोगी.

आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्यांच्या कामकऱ्या अंडी घालतात, पण त्या वर्गात ठेवण्यासारख्या नाहीत, चावतात आणि पसरतात. त्यांच्यावरचा एक निष्कर्ष मात्र तुमच्या कामाचा आहे. आफ्रिकेतल्या विणकर मुंग्यांवर होल्डॉब्लर आणि विल्सन या मुंग्यांच्या अभ्यासकांनी केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की राणी असताना कामकऱ्या घालतात ती अंडी खायला घालण्यापुरती असतात, त्यातून काही निघत नाही. राणी गेल्यावर नर देणारी अंडी घातली जातात. आणि मेलेल्या राणीचं शरीर वसाहतीत राहू दिलं तर तेही बराच काळ त्यांना रोखून धरतं. त्यामुळे तुमची राणी कधी मेली एवढंच नोंदवू नका, तिचं कलेवर कधी बाहेर काढलं ती तारीखही लिहा. दिवस तिथून मोजायचे.

मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, ही तुमची निवड उत्तम आहे. मोठा आहे, रंगाचा ठिपका देता येतो, भिंगाखाली अवयव स्पष्ट दिसतात, पुण्यात सगळीकडे आहे. वारूळ खणून राणी काढायचा खटाटोप मुलांना करू देऊ नका. राणी खोल असते, हाती लागत नाही आणि वारूळ मात्र उद्ध्वस्त होतं. टेकडीवर असाल तर ती वनखात्याची जमीन असू शकते हेही लक्षात असू द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी दिव्यांखाली पंख टाकलेल्या राण्या सापडतात. त्या एकेक नळीत ठेवून वाढवायच्या. याला वेळ लागतो. राणी पहिल्या काही कामकऱ्या वाढवते, मग वसाहत हळूहळू जोर धरते. म्हणून हा प्रकल्प एका सत्राचा नाही, अकरावीच्या मुलांनी राण्या वाढवाव्यात आणि बारावीत गेल्यावर प्रयोग करावा.

आखणी अशी करा. प्रत्येक वसाहतीचे तीन भाग. पहिल्यात राणी. दुसऱ्यात राणी नाही. तिसऱ्यातही राणी नाही, पण पहिल्या भागातली राणीनं घातलेली ताजी अंडी दर तीन-चार दिवसांनी तिथं आणून ठेवायची आणि आधीची उचलायची, म्हणजे ती तिथं उबणार नाहीत. तिसरा भाग का? कॅम्पोनोटस फ्लोरिडानस या अमेरिकन मुंगळ्यावर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की राणी नसली तरी तिची अंडी मिळत राहिली तर कामकऱ्या स्वतः अंडी घालत नाहीत. राणीच्या अंगावर जो मेणचट हायड्रोकार्बनांचा लेप असतो, तोच तिच्या अंड्यांवरही असतो. मोठ्या वसाहतीत राणी प्रत्येकीला भेटू शकत नाही, पण अंडी सगळीकडे फिरवली जातात, आणि राणी आहे ही खबर त्यांच्यावरून पोचते. आपल्या मुंगळ्यात असंच होतं का, हे तुमच्या मुलांना खरोखर तपासता येईल. हा माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यांत मोलाचा भाग आहे.

काळ्या बागमुंगीत, म्हणजे युरोपातल्या लासियस नायजरमध्ये, या लेपातलं नेमकं कोणतं रसायन कामकऱ्यांचे अंडाशय दाबून ठेवतं, तेही २०१० मध्ये शोधून काढलं गेलं. हे पदार्थ हवेत फारसे उडत नाहीत, स्पर्शानं पसरतात. त्यामुळे जाळी लावून राणी वेगळी करायचा प्रयोग कुणी करणार असेल, तर एकेरी जाळी आणि दुहेरी जाळी यांत फरक ठेवा. एकेरीतून मिशा पोचतात, दुहेरीतून नाही.

मुंग्या वाटताना एक काळजी घ्यायचीच. डबीच्या बाहेरच्या भागात फिरणाऱ्या मुंग्या पकडायला सोप्या, म्हणून मुलं त्याच उचलून ‘राणी नसलेला भाग’ बनवतात. बाहेर फिरणाऱ्या साधारणपणे वयस्क असतात आणि त्यांचे अंडाशय आक्रसलेले असतात. अंडी घालायची क्षमता आत अळ्या सांभाळणाऱ्या तरुण मुंग्यांत जास्त. तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या, मोठ्या डोक्याच्या आणि लहान, सगळ्या तिन्ही भागांत सारख्या प्रमाणात आल्या पाहिजेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातून जुनी अंडी आणि अळ्या पूर्ण काढा. एखादी अळी कोपऱ्यात राहिली तर दोन महिन्यांनी तिची कामकरी होऊन बाहेर येते आणि मुलं उड्या मारतात, की कामकरीच्या अंड्यातून मादी झाली. कोष मात्र मोजून प्रत्येक भागात सारखे द्या. त्यातून तरुण मुंग्या येत राहतात आणि वसाहत सुस्तावत नाही. कोषातून निघालेलीला लगेच रंगाचा ठिपका द्या.

आणि एका वसाहतीचे तीन भाग म्हणजे एकच नमुना. मुलं नव्वद मुंग्या मोजून नव्वद नमुने म्हणतात, तसं नाही. पाच-सहा वेगवेगळ्या राण्यांच्या वसाहती हव्यात, त्याखाली काही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

घर साधं ठेवा. पाणी आणि कापूस घातलेली काचेची नळी, बाहेर हिंडायला प्लॅस्टिकचा डबा, त्याच्या कडेला आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिटचा लेप. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं घरटं करायचं असेल तर सामान बोहरी आळीत मिळेल, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते भराभर सुकतं, रोज ओल पाहावी लागते. नळीवर लाल जिलेटिन गुंडाळा, मुंग्यांना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. खायला साखरपाणी तर हवंच, पण अंडी हवीत तर प्रथिनं हवीत: रातकिडा, झुरळाचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा बलक. प्रथिनं कमी पडली की मुंग्या घातलेली अंडी खातात, आणि मग त्या भुकेनं खातात की दुसरीचं म्हणून नष्ट करतात, हे सांगता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते तेव्हा सगळंच मंदावतं, त्या दिवसांत अंडी आली नाहीत म्हणून निष्कर्ष काढू नका.

अंडं घालताना पाहायचं असेल तर संयम लागतो. कामकरी मागचे पाय फाकवून उभी राहते, पोट खालून पुढं वळवते, टोकाशी पांढरट, लांबट अंडं दिसू लागतं, आणि पूर्ण बाहेर यायच्या आतच ती ते जबड्यात धरते. पुढची काही मिनिटं डोळे हलवू नका. शेजारची एखादी येते, अंड्यावर मिशा फिरवते. कधी ते उचलून पुंजक्यात ठेवते. कधी ओढून घेते, पुढच्या पायांत धरून चावते आणि चोखून संपवते. हे दुसरं राणी असलेल्या भागात अधिक दिसायला हवं.

असं का, याचा हिशेब नात्याचा आहे. राणीचं एकाच नराशी मीलन झालं असेल तर कामकरीचं स्वतःच्या मुलाशी नातं एक द्वितीयांश, सख्ख्या बहिणीच्या मुलाशी तीन अष्टमांश आणि भावाशी एक चतुर्थांश. नुसतं नातं पाहिलं तर तिनं भावापेक्षा भाचा पसंत करावा. राणी अनेक नरांशी मीलन करणारी असेल तर भाच्याशी नातं भावापेक्षाही दूरचं होतं, आणि बहिणींची अंडी खाऊन टाकणं फायद्याचं ठरतं. मधमाश्यांत हेच होतं. पण फ्लोरिडाच्या त्या मुंगळ्यात राणी एकाच नराची असूनही कामकऱ्यांची अंडी नष्ट होतात. म्हणजे नात्याचा हिशेब पुरत नाही. सगळ्याच अंडी घालत बसल्या तर काम कोण करणार, हा वसाहतीचा तोटाही त्यात धरावा लागतो. मुलांशी यावर जरूर चर्चा करा, पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत आटोपलेलं असतं.

याची परीक्षा अशी घ्या: राणी असलेल्या भागातल्या काही मुंग्यांपुढे राणीची अंडी आणि अनाथ भागातली अंडी सारख्या संख्येनं ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी कोणती किती उरली ते मोजा. दोन्ही सारखीच खाल्ली तर मुंग्या भुकेल्या होत्या. फक्त कामकऱ्यांची गेली तर तो एकमेकींच्या अंड्यांवर ठेवलेला पहारा आहे.

राणी असलेल्या आणि राणीची अंडी दिलेल्या भागांत कामकरीचं अंडं वेगळं ओळखता येणार नाही, म्हणून शेवटी विच्छेदन करावंच लागतं. प्रत्येक भागातल्या काही मुंग्या फ्रीझरमध्ये ठेवून मारा. मेणाच्या ताटलीत पाण्याखाली पोट टाचणीनं स्थिर करा, शेवटचं खंड बारीक चिमट्यानं धरून सावकाश मागं ओढा. आतड्याबरोबर अंडाशयाच्या दोन जुड्या बाहेर येतात. निष्क्रिय असतील तर त्या पारदर्शक बारीक धाग्यांच्या असतात, शोधाव्या लागतात. सक्रिय असतील तर प्रत्येक नळी मण्यांच्या माळेसारखी दिसते, टोकाकडे बारीक, खाली येताना मोठी होत जाणारी पांढरी अपारदर्शक अंडी. नळीच्या बुडाशी पिवळसर ठिपके दिसले तर तिनं आधी अंडी घातलेली आहेत. कोणती मुंगी कोणत्या भागातली हे विच्छेदन करणाऱ्या मुलाला सांगू नका. डब्यांना नुसते आकडे द्या.

आता तो व्हिडिओ. तो खोटा नाही, पण ती मुंगी वेगळी. बहुधा हार्पेग्नाथस सॉल्टेटर असणार, उड्या मारणारी, लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची, दक्षिण भारतातली. तिच्या कामकऱ्यांना बीज साठवायची पिशवी असते आणि त्या नराशी मीलनही करू शकतात. राणी मेली की कामकऱ्यांत मिशांनी एकमेकींना झोडपायची झुंज सुरू होते, ती चाळीस दिवसांपर्यंतही चालते. जिंकणाऱ्या काही जणी पुढं अंडी घालतात. त्यांचं आयुष्य साधारण सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत वाढतं, अंडाशय फुगतात आणि मेंदूचं आकारमान सुमारे वीस टक्क्यांनी घटतं. अशा मुंगीला वेगळं काढून पुन्हा कामाला लावलं तर अंडाशय आक्रसतात आणि मेंदू पूर्ववत मोठा होतो, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढा बदल प्रौढ कीटकात होऊन परतही फिरतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

सह्याद्रीच्या पट्ट्यात मिळणाऱ्या डायकॅमा मुंग्यांत तर राणी ही जातच उरलेली नाही. प्रत्येक कामकरी छातीवर दोन बारीक गाठी घेऊन जन्मते. भारतातल्या डायकॅमा इंडिकममध्ये प्रजनन करणारी एकटी मुंगी नव्यानं निघालेल्या बहिणींच्या या गाठी कुरतडून टाकते, आणि गाठी गेलेलीचं मीलन होत नाही. मुंगळ्यात यातलं काहीही नाही. या गटांवरचे निष्कर्ष मुंगळ्याला लावू नका.

मीलनाशिवाय मादीच देणाऱ्या कामकऱ्याही जगात आहेत: ऊसेरिया बिरोई ही मूळची आशियातली मुंगी, भूमध्य समुद्राकडची कॅटाग्लिफिस कर्सर, मधमाश्यांत दक्षिण आफ्रिकेची केप मधमाशी. पण हे मोजके अपवाद आहेत. तुमच्या अनाथ भागात कामकरी निघाली तर आधी राहून गेलेल्या अळीचा संशय घ्या. अंड्यापासून प्रौढ व्हायला किती दिवस लागतात ते राणी असलेल्या भागात तुमच्याच खोलीच्या तापमानाला मोजा. त्याहून बराच जास्त काळ लोटल्यावर, ठिपका नसलेली कामकरी आली, तरच पुढं विचार करायचा.

राहिली तुमची आत्ताची अनाथ वसाहत. ती टाकून देऊ नका. प्रथिनं वाढवा, पुंजक्याचा रोज एकाच अंतरावरून फोटो काढा, अंडी किती आणि अळ्या किती ते लिहा. बरीच अंडी नाहीशी होतील, त्यानं खचू नका, तीही नोंदच आहे. पहिला कोष फुटला की बाहेर आलेल्या पंखवाल्याच्या मिशीची खंडं दहापट भिंगातून मोजा: नराला तेरा, मादीला बारा. दुसरी राणी आणून सोडायचा मोह टाळा, परक्या राणीला त्या बहुधा मारून टाकतील. दुसऱ्या वसाहतीचे कोष मात्र सहसा स्वीकारतात. ते दिलेत तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येकीला निराळ्या रंगाचा ठिपका द्या, नाहीतर पुढं अंडी नेमकी कुणी घातली हे सांगता येणार नाही.